होमस्टेला गिनीपिग नेता येईल का?

दिवाळीत दापोलीला चाललोय, होमस्टेवाले म्हणतात पाळीव प्राणी चालणार नाहीत. आमचा गिनीपिग पिंजऱ्यातच असतो, भुंकणं नाही काही नाही, गुपचूप नेला तर? घरी एकटा ठेवायला जीव धजावत नाही.

↳ गुपचूप नको हो. फोन करून सरळ विचारा, नाही म्हणाले तर नाही. पुढच्या पाहुण्याला केसांची ॲलर्जी असली तर त्याने काय करायचं?

↳ मला त्या जिवाचीच काळजी वाटते. 30 डिग्रीच्या आसपास गाडीत त्यांना उष्माघात होऊ शकतो, घाबरून खाणं सोडलं तर दिवसभरातच तब्येत ढासळते. शेजारी पिंजऱ्यासकट ठेवा, भरपूर सुकं गवत, पाणी आणि रोज सिमला मिरचीचा तुकडा, व्हिटॅमिन सी त्यांच्या अंगात तयार होत नाही म्हणून.

↳ थँक्यू, वरच्या काकूंना विचारते आजच.