सुनील छेत्रीनं लिस्बन इतक्या लवकर सोडायला नको होतं

धागाकर्ता

छेत्री म्हटलं की २०२४ मध्ये निवृत्ती घेतानाचे ९४ आंतरराष्ट्रीय गोल आठवतात. त्याबद्दल वादच नाही. मला खटकतो तो २०१२-१३चा हंगाम. स्पोर्टिंग लिस्बननं त्याला करारबद्ध केलं, ब संघात ठेवलं, आणि पोर्तुगालच्या दुसऱ्या विभागात जेमतेम तीन सामने खेळून २०१३च्या सुरुवातीला तो लोनवर, म्हणजे तात्पुरत्या करारावर, गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे आला. चर्चिलनं त्या मोसमात आय-लीग, तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली, पुढे बंगळुरू एफसीनं त्याला घेतलं, आणि युरोपचा विषय कायमचा मिटला.

तीन सामन्यांत फॉरवर्डचं काय कळतं? ऐंशीव्या मिनिटाला उतरवलेल्या खेळाडूला चेंडू तीन-चारदा मिळतो. त्यातला पहिलाच टच निसटला की पुढच्या आठवड्यात तो पुन्हा बाकावर. हे सोसत थांबावं लागतं. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला आणि पहिला लीग सामना खेळला २०१६ मध्ये. थांबला म्हणून तर त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही उतरला. छेत्रीसारख्या जिद्दी माणसानं निदान तो हंगाम तरी पूर्ण करायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

डावी बगल

अजिबात पटलं नाही. गुरप्रीत गोलकीपर आहे आणि गेला तेव्हा २२ वर्षांचा होता. गोलकीपर तिशीतही बहरतो. छेत्री लिस्बनला गेला तो वयाची २८ वर्षं पूर्ण होत असताना. ब संघ हा क्लबनं आपली पोरं तयार करण्यासाठी असतो. त्या वेळी तिथे एरिक डायर, ब्रुमा, जोआव मारिओ अशी विशीच्या आतबाहेरची मुलं होती. प्रशिक्षकापुढे एक जागा आणि दोन नावं असतील, तर उद्या मुख्य संघात जाणाऱ्या किंवा चांगल्या किमतीला विकल्या जाणाऱ्या मुलाला तो आधी उतरवणार. यात छेत्रीच्या कुवतीचा प्रश्नच येत नाही. त्यातून स्पोर्टिंगचा मुख्य संघ त्या वर्षी सातवा आला, क्लबच्या इतिहासातली सर्वांत खराब कामगिरी. अशा क्लबमध्ये भारतातून आलेल्या फॉरवर्डकडे लक्ष द्यायला सवड कोणाला होती?

आणि थांबून काय होतं याचा अनुभव त्यानं आधी घेतला होता. २०१० मध्ये कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे असताना त्याला अमेरिकेतल्या एमएलएस लीगचा एकही सामना मिळाला नाही. त्याआधी २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणी पक्की झाली होती, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. खरी संधी तिथेच गेली. २५व्या वर्षी.

ईस्टर्न स्टँड

वर्क परमिटचा मुद्दा मान्य. पण थांबण्यानं काहीच मिळत नाही, हे चूक. बायचुंग भुतियाचं बघा. १९९९ मध्ये बरीकडे गेला, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावर. २००२ पर्यंत राहिला. गुडघा दुखावला, संघ खाली घसरला, लीगमध्ये गोल झाले तीन. कागदावर अपयशच. पण परतल्यानंतर २००३ मध्ये जकार्तात ईस्ट बंगालनं आसियान (आग्नेय आशियाई) क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हा सर्वाधिक गोल बायचुंगचे होते, अंतिम सामन्यातही त्यानं गोल केला. पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरून ठेवायचा, धक्का बसणार हे गृहीत धरूनच उडी मारायची, हे इंग्लंडच्या खालच्या विभागात आठवड्याला दोनदा शिकायला मिळतं. ती शिदोरी त्यानं आणली, असं मला मनापासून वाटतं.

डावी बगल

बायचुंगला तिथे मुख्य संघात खेळायला मिळालं, भाऊ. मी तेच म्हणतोय! बरी लहान क्लब होता म्हणून मिळालं. लिस्बनच्या मोठ्या नावापेक्षा तिसऱ्या स्तरावरची ती मिनिटं फॉरवर्डच्या जास्त कामाची.

पेनल्टी एरिया

तुम्ही सगळेच जुन्या करारांत अडकलात. आपल्याकडे नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, तयारच का होत नाही, हे बघा. आय-लीगमध्ये ती जागा ओडाफा, रँटी मार्टिन्स अशा नायजेरियन स्ट्रायकरांची. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालत, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. क्लब सर्वांत आधी परदेशी घेतो तो स्ट्रायकर. मग भारतीय फॉरवर्ड जातो बगलेत. बंगळुरूत मिकू मधे खेळायचा आणि खुद्द छेत्री डावीकडून. उंचीनं साधारण, पण बॉक्समध्ये नेमक्या वेळी पोहोचून हेडर मारण्यात ज्याचा हात धरणारा देशात नव्हता, त्यालाही क्लबसाठी बाजूला सरकावं लागलं. देशात मधली जागा नाही, म्हणूनच बाहेर जायला हवं. पण आयएसएलचा पगार युरोपच्या खालच्या लीगपेक्षा चांगला, मग २० वर्षांचा मुलगा घर सोडेल कशाला?

सातवा मिनिट

मुली सोडतात. भारताची फॉरवर्ड बाला देवी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली, जेमतेम जम बसवतेय तोवर कोविडनं लीग थांबली. तरी राहिली, डिसेंबरमध्ये गोल केला. मनीषा कल्याणनं २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केला, २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडे गेली, चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळली, नंतर ग्रीसमध्ये पीएओके क्लबकडे. मोठं नाव शोधत बसली नाही, खेळायला मिळेल तिथे गेली. देशात महिलांची लीग तोकडी, पैसा कमी, म्हणून त्यांना जावंच लागलं हेही खरं. पुरुष फॉरवर्डच्या करारावर चर्चा करताना या दोघींची नावं कुणालाच आठवू नयेत, याचा मला राग येतो.

धागाकर्ता

मनीषाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: एका देशात जम बसवला, मग पुढच्या. छेत्रीबद्दल माझं मत कायम आहे, हंगामाचे उरलेले महिने तरी त्यानं द्यायला हवे होते. पण डावी बगल, तुमचा वयाचा मुद्दा पुढच्या मुलांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. १९-२०व्या वर्षी, लहान लीग, मुख्य संघ. असा करार समोर आला आणि घरचा क्लब दुप्पट पगार देत असेल, तर त्या मुलाला तुम्ही काय सांगाल?