ताहितीयन भाषा बुडतेय, तर दोष आईबापांचा?

सागरिका: 'दर्यावर्दी' काल लिहून गेले की पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियात, म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांवर, ताहितीयन भाषेला १९७२ पासून अकादमी आहे, ती शाळेत शिकवतात, चर्चमध्ये चालते, तरी पोरं फ्रेंच बोलतात, म्हणजे आईबापच दोषी. वाचून गप्प बसवेना. १९८० मध्ये तिथल्या सरकारने तिला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा दिला होता. २००४ च्या कायद्यात अधिकृत भाषा उरली एकटी फ्रेंच. २००६ मध्ये विधानसभेत ताहितीयन बोलू देणारा नियमसुद्धा पॅरिसच्या न्यायालयाने रद्द केला. आमदारालाच बोलायची चोरी, आणि जबाब आईने द्यायचा?

दर्यावर्दी: कायदा स्वयंपाकघरात येत नाही. आमची बोट तिथल्या राजधानीला, पापेएतेला लागायची तेव्हा बाजारात पाहिलंय. आजी ताहितीयनमध्ये विचारते, नात फ्रेंचमध्ये उत्तर देते, आणि आईही पोरीशी फ्रेंचच बोलते.

सागरिका: त्या आईच्या पिढीने शाळेत ताहितीयन बोलल्याबद्दल शिक्षा भोगलीय! १९६६ मध्ये मोरुरोआ बेटावर फ्रान्सच्या अणुचाचण्या सुरू झाल्या, बेटाबेटांवरून माणसं कामासाठी पापेएतेत आली, आणि बढती फ्रेंच येणाऱ्यालाच. पोरीचे हाल होऊ नयेत एवढंच तिने पाहिलं.

प्रवाळ: तुम्ही दोघंही ताहितीयनसाठीच भांडताय. तिथल्याच तुआमोटू बेटांची पाउमोतू भाषा कुणामुळे मागे पडली? ताहितीयनमुळेच. १८३८ मध्ये बायबल ताहितीयनमध्ये छापलं गेलं, आणि दुसरीकडे ऑस्ट्रल बेटांवरही देवाची भाषा तीच झाली. ऑकलंडला माझी शेजारीण ऑस्ट्रलपैकीच रायवावाए बेटाची आहे. आजीची बोली तिला कळतही नाही; घरात चालते ती ताहितीयन.

दर्यावर्दी: विषय भरकटवू नका.

प्रवाळ: हाच विषय आहे! मार्केसास बेटांवरच्या लोकांनी २००० मध्ये वेगळी अकादमी का काढली? पापेएतेच्या भाषेखाली आपली दबतेय म्हणून.

सागरिका: दुखणं खरं आहे, नाकारत नाही. पण ताहितीयनला गुन्हेगार ठरवलंत की पॅरिस सुटतं. मिशनऱ्यांनी बायबलसाठी एक भाषा निवडली, तो निर्णय ताहितीतल्या साध्या कोळ्याने घेतला नव्हता.

प्रवाळ: पण बेटांच्या भाषांपैकी रेडिओवर आज मुख्यतः ताहितीयनच ऐकू येते, तो निर्णय मिशनऱ्यांचा नाही. पापेएतेचा आहे.

दर्यावर्दी: शाळेतल्या शिक्षेचं मान्य, बाई. ते मी लिहायला हवं होतं. पण आज शिक्षा कोण करतंय? आज तरी आईने बोलावं की नाही?

सागरिका: बोलावंच. आणि पोरगी शाळेत गेली की? बहुतेक शाळांत आठवड्याला मोजके तास ताहितीयन, बाकी गणितापासून इतिहासापर्यंत सगळं फ्रेंच. ते तास वाढवायची मागणी तुम्ही करताय का, तेवढं सांगा.