ड्रॉइंग बंद, फक्त मॉडेल?

त्रिमिती: २डी ड्रॉइंगवर वेळ घालवणं थांबवा. मापं, टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त), फिनिश सगळं ३डी मॉडेलवरच लावा आणि स्टेप एपी२४२ (मापांसकट ३डी मॉडेल पाठवायचा फाइल फॉरमॅट) पाठवा. हे मानक २०१४ पासून आहे. व्हेंडरने मॉडेल उघडावं, जॉब काढावा.

प्रेसब्रेक: म्हणे उघडावं! उघडलं, पुढे? २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड स्टील) शीट वाकवायची, तुमच्या मॉडेलात बेंडची आतली त्रिज्या २, के-फॅक्टर (वाकताना न ताणणारा थर जाडीत कुठे, ते प्रमाण) ०.४४. ९० अंशाला बेंड डिडक्शन (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडला वजा करायची लांबी) येतं ३.४८. इकडे आमच्या प्रेसब्रेकवर (शीट वाकवायचं मशीन) १६ मिमी तोंडाची व्ही-डाय (शीट ज्यात दाबतो तो व्ही आकाराचा साचा). एअर बेंडिंगमध्ये (शीट डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) त्रिज्या डाय ठरवते, व्हीच्या साधारण १६ टक्के, म्हणजे २.६. मग डिडक्शन ३.७३. चार बेंडच्या चॅनेलला ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) १ मिमी लांब. एसएस (स्टेनलेस स्टील) असेल तर त्रिज्या आणखी वाढते. लेझरवरून कापून आलेला ब्लँक तासत बसायचा का?

त्रिमिती: ड्रॉइंगवर तरी के-फॅक्टर कोण लिहितं? तुमचा बेंड टेबल (कुठल्या डायला किती डिडक्शन, तो तक्ता) द्या, सॉफ्टवेअरमध्ये घालतो. विषय ड्रॉइंगचा आहे, बेंडचा नाही.

प्रेसब्रेक: ड्रॉइंगवर बाहेरची मापं असतात, फ्लॅट (उलगडलेला सपाट आकार) आम्ही आमच्या डायप्रमाणे काढतो. तुम्ही फ्लॅटची डीएक्सएफ (२डी आकाराची फाइल) थेट लेझरला धाडता. भांडण तिथेच आहे, साहेब!

स्टेपपीडित: बेंड पुरे. एक्स्पोर्टची सेटिंग कोण बघतं? जुन्या एपी२१४ (स्टेपचा आधीचा प्रकार) वर राहिली की टॉलरन्स गळतात. २० एच७ चं बोअर (नेमक्या फिटचं भोक, टॉलरन्स ० ते +०.०२१ मिमी) नुसतं २० चं होल होतं, ड्रिल मारून मोकळे. एम६ चं टॅपिंग (स्क्रूसाठी आटे) ५ मिमीचं साधं होल दिसतं. एपी२४२ मध्येही कधी मापं नुसत्या रेघा-अक्षरं म्हणून जातात. डोळ्यांना दिसतात, सीएमएमला (मापं तपासायच्या मशीनला) वाचता येत नाहीत.

हार्नेस: एअरबस ए३८० आठवा. जर्मनीत कॅटिया (डिझाइनचं सॉफ्टवेअर) व्ही४, फ्रान्समध्ये व्ही५. वायरिंग जुळेना, वायरी आखूड. २००६ मध्ये डिलिव्हरी पुन्हा पुढे.

त्रिमिती: तिथे दोन व्हर्जन नडल्या, ड्रॉइंग नसणं नव्हे. उलट माझाच मुद्दा, सगळ्यांचं मॉडेल एक हवं.

प्रेसब्रेक: आले विमानावर! इथे ब्रॅकेट बसत नाहीये.

त्रिमिती: बरं, टॅप आणि फिटचं मान्य. तेवढं एका पानावर देतो. झालं समाधान?

स्टेपपीडित: उपकार झाले. मॉडेल आणि पान जुळलं नाही तर इन्स्पेक्शन कशावर करायचं, तेही त्याच पानावर लिहा. रिव्हिजन नंबरसकट.