बाबांची चप्पल निसटते, त्यांना पत्ता नसतो

वाळवेकर: बाबांना १५ वर्षं शुगर आहे. परवा फाटकापर्यंत एकाच चपलेत गेले! रात्री मात्र तळपायांची आग, चादरही सहन होत नाही. बधिरपणा आणि आग एकदम कसं?

मीनाताई: सासूबाईंचंही तेच. शुगरने बिघडलेल्या नसांना (मज्जातंतूंना) स्पर्श कळत नाही, पण त्याच उगाच वेदनेचे निरोप धाडतात. लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून. १० ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉन तंतूने तळपायांना स्पर्श कळतो का, ते तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्वही बघा. ते कमी असलं तरी मुंग्या येतात.

नानाकाका: उठताना चक्कर, जेवल्यावर पोट गच्च? तेही नसांमुळे असू शकतं, डॉक्टरांना सांगा. गरम पाण्याचा शेक बंद, भाजलेलं कळायचं नाही.

वाळवेकर: चक्कर येते, काका. शेकाचं आईला कोण सांगणार!