आईबाबा आजारी, मुलांना सांगायचं की मामाकडे पाठवायचं?

परळकर: कालच्या धाग्यात एका ताईंनी लिहिलं, 'घरात कॅन्सर निघाला की मुलांना काही सांगू नका, उपचार संपेपर्यंत मामाकडे ठेवा.' अजिबात पटलं नाही. केमो सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात, तोंड येतं, फोडणीच्या वासाने आई उठून जाते. पोराला दिसत नाही का? पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाटतं, मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. आजाराचं नाव सांगा. तुझ्यामुळे झालेला नाही, मिठी मारल्याने तुला होणार नाही, आणि उद्यापासून शाळेत आत्या सोडेल, हेही सांगा. शेवटचं त्याला सगळ्यात आधी हवं असतं.

डोंबिवलीकरीण: ते लिहिणारी मीच. आमच्या ह्यांचं निघालं तेव्हा मुलगी दहावीला. धाकट्याला साताऱ्याला मामाकडे ठेवलं, तिला 'कावीळ आहे' सांगितलं. परीक्षा नीट दिली तिने.

परळकर: आणि खरं कधी कळलं?

डोंबिवलीकरीण: जिन्यात. शेजारीण म्हणाली, 'बाबांची शेवटची स्टेज ना गं?' लोकांना तोंड आवरत नाही, त्याला मी काय करू?

गिरगावकर: सांगणं राहू द्या, भेटू तरी देतात का? बायको होती तिथे बारा वर्षांखालच्या मुलांना वॉर्डात मनाई. लेक आईसाठी काढलेलं चित्र धरून लिफ्टजवळ वॉचमनच्या स्टुलावर बसून राहिली. आणि शिंकणारे काका पास दाखवून आत!

वॉर्डातली सिस्टर: नियम उगाच नाही. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. शाळेतून आलेल्या कांजिण्या पेशंटच्या जिवावर बेतल्या असत्या तर शिव्या आम्हालाच.

गिरगावकर: मग काकांना का सोडता? तब्येत बघा, वय काय बघता?

वॉर्डातली सिस्टर: रात्री अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी. कुणाकुणाला तपासू? काकांचं मात्र खरं आहे. पेशी वर आल्या की डॉक्टरांना विचारून व्हरांड्यात मुलांना भेटवते मी.

गिरगावकर: हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!

डोंबिवलीकरीण: मूळ मुद्दा राहिला बाजूला. परळकर, तुमच्या घरी वेळ आलेली दिसत नाही.

परळकर: आली होती. लहानपणी मलाच कोकणात मामाकडे ठेवलं होतं. परत आणलं ते आईच्या तेराव्याला.

डोंबिवलीकरीण: ... रविवारी आणते धाकट्याला. पण 'स्टेज' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, आधीच सांगते.

परळकर: नका सांगू. बाबांजवळ बसू द्या त्याला.

वॉर्डातली सिस्टर: ताई, निघण्याआधी त्याला ताप-खोकला नाही ना, तेवढं बघा.