सासूबाईंची चामड्याची पर्स: दुरुस्त करावी की तशीच ठेवावी?

प्रश्न (लातूर): जुनी तपकिरी पर्स. चेन अडकते, पट्ट्याची शिवण उसवली, आत पांढरी बुरशी. रोज वापरायची आहे, पण तिचं जुनेपण जाऊ नये.

उत्तर १: ताई, आधी आतली कच्ची कड बघा. तंतू दिसले तर चामडं. कापडावर पापुद्रा असेल तर रेक्झिन. त्याचे पोपडे सुटू लागले की थांबत नाहीत, तेव्हा खर्च करू नका.

बुरशी घराबाहेर कोरड्या ब्रशने झटका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडकं घट्ट पिळून पुसा. आधी तळाशी रंग जातो का बघा. सावलीतच वाळवा, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात चामडं कडक होऊन तडकतं. नंतर बिनरंगी लेदर क्रीम, अगदी पातळ. खोबरेल नको, डाग पडतात. हाताने गुळगुळीत झालेल्या मुठीला पॉलिशही नको, तीच तर खूण आहे.

उत्तर २: अख्खी चेन बदलू नका. बहुतेकदा रनर (चेनवर सरकणारा भाग) झिजलेला असतो. त्याच्या मागचा आकडा (बहुधा ३ किंवा ५) बघून तेवढाच बदलून घ्या. दात तुटले असतील तर मात्र चेन बदलण्याशिवाय इलाज नाही. नुसती जड चालत असेल तर मेणबत्ती घासा.

पट्टा मेण लावलेल्या दोऱ्याने, जुन्याच छिद्रांतून, हाताने शिवायला सांगा. मशीनने नवी छिद्रं पडली की चामडं तिथूनच फाटतं.

उत्तर ३: ठेवताना कागद भरून सुती पिशवीत, खुंटीला न टांगता. प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी परत येते.