मदत हवी आहे: बुरशीच्या रेषा असलेला आंब्याचा वाडगा लेथवर उपटून येतोय

ओंडका
लेथवर आंब्याचा वाडगा कातायला घेतलाय. ओंडका चिरला तेव्हा आत बुरशीच्या काळ्या रेषा निघाल्या, जुन्या नकाशावर असतात तशा, आणि मधल्या जागा पांढुरक्या पडलेल्या. बाहेरचा आकार झाला, आतून निम्म्यापर्यंत पोचलोय. पांढऱ्या भागात लाकूड कापलं जात नाही, उपटून येतं. खड्डे पडतायत. ६० नंबरचा सँडपेपर लावला तर खड्डे आणखी खोल झाले. हा भाग कडक करायला काय लावू? रविवारी ताईला द्यायचाय. तुकडा एकच आहे, त्यामुळे "दुसरं लाकूड घ्या" हे उत्तर कृपया नको. फोटो चढत नाहीयेत.

पटाशी
सुपरग्लू. त्यातला सगळ्यात पातळ, पाण्यासारखा मिळतो तो. मऊ जागेवर थेंब थेंब सोडा, लाकूड आपणच पिऊन घेतं. पूर्ण सुकू द्या, मग कापा. पुन्हा मऊ थर लागला की पुन्हा ग्लू. माझे असे कितीतरी वाडगे यावरच निभावलेत. एकच सांगतो, सांडलेला ग्लू सुती फडक्याने पुसू नका. कापसाशी गाठ पडली की तो झटकन तापतो, धूर येतो. डोळ्यांना चष्मा आणि खिडकी उघडी.

भुसा
ग्लूने डाग पडतात, हे पटाशी सांगायचे राहिले. जिथे पडतो तिथे लाकूड कायमचं गडद दिसतं. आधी पूर्ण वाडग्याला पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्यावा, मग ग्लू.

पटाशी
शेलॅक दिल्यावर ग्लू खोल जाणार कसा? वरच्या वर राहील. मऊ जागा आधी ग्लूने भरा, शेलॅक शेवटी.

भुसा
पातळ शेलॅक म्हटलंय मी. मऊ जागा इतकी सच्छिद्र असते की शेलॅकनंतरही ती ग्लू पिते. डाग पडतो तो शेजारच्या चांगल्या लाकडावर, शेलॅक त्याच्यासाठी आहे. स्वतः केलंय म्हणून सांगतोय.

साधा सुतार
दोघेही थांबा जरा. ओंडका, आधी हे सांग: लाकूड किती वाळलंय? वाडग्याची जाडी किती आहे? आणि उपटून येतंय ते नेमकं कुठे? वाडगा फिरताना प्रत्येक फेरीत दोन समोरासमोरच्या जागी हत्यार तंतूंच्या उलट्या दिशेने कापतं. उपटणं त्या दोन जागी असेल तर दोष बुरशीचा नाही, धारेचा आहे. पांढरा डाग जिथे असेल तिथेच असेल तर लाकूड खरोखर मऊ झालंय. औषध त्यावर ठरेल.

ओंडका
दोन्हीकडे आहे. समोरासमोरच्या दोन जागी थोडं, आणि काठाजवळच्या एका मोठ्या पांढऱ्या डागात फार. लाकूड पूर्ण वाळलेलं आहे, वर्षभर ठेवलं होतं. जाडी २५ मिलिमीटर, व्यास २५ सेंटिमीटर. ग्लू रात्रीच लावू का?

रानवाट
फार देखणं लाकूड मिळालंय तुम्हाला! काळ्या रेषा म्हणजे दोन बुरशींमधली सीमा असते. दोघी समोरासमोर आल्या की आपापल्या हद्दीवर भिंत घालतात. घरी करायचं असेल तर: फिकट रंगाचं ओलं लाकूड घ्या, दोन तुकडे एकमेकांना टेकवून झाकणाच्या डब्यात ठेवा, खाली ओलसर भुसा, आणि २० ते ३० अंशांच्या मधली ऊब. काही महिन्यांत रेषा येतात. पाण्यात बुडवून मात्र ठेवू नये, बुरशीला हवाही लागते.

कोषागार
रानवाट, थोडी दुरुस्ती. रेषेसाठी दोन बुरशी लागतातच असं नाही. झायलेरिया पॉलिमॉर्फा ही एकटीच सुंदर रेषा काढते. आपल्या भागातला ओलावा टिकवायला आणि बाकीच्यांना बाहेर ठेवायला ती मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याची भिंत बांधते. जमिनीतून वर आलेली तिची काळी फळं बोटांसारखी दिसतात, म्हणून इंग्रजीत तिला मेलेल्या माणसाची बोटं म्हणतात. पांढरा भाग वेगळा. तिथे श्वेतकुज करणाऱ्या बुरशीने लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) खाल्लेलं असतं, म्हणून रंग उडतो आणि पुढे लाकूड हलकं, स्पंजासारखं होतं. रेषा त्या मानाने कडक राहते. ६० नंबरच्या पेपरने मऊ जागा खाल्ली गेली आणि रेषा वर राहिल्या ते यामुळेच. पेपर कधी हाताने धरून घासू नये, मागे सपाट ठोकळा हवा.

साधा सुतार
वर्षभर कुठे ठेवलं होतं? कसं?

ओंडका
अंगणात, ताडपत्रीखाली. साल होती. पाऊस लागला नाही.

साधा सुतार
मग ते वाळलेलं नाही रे. सालीसकट ताडपत्रीत गुंडाळलेला ओंडका आपला ओलावा धरून बसतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की बुरशी थांबते. तुझ्या ओंडक्यात ती आतपर्यंत फिरलीय, म्हणजे वर्षातला बराच काळ तो ओलाच होता. फळ्यांचासुद्धा ढोबळ हिशोब एका इंचाला एक वर्ष असा धरतात. हा तर अख्खा ओंडका होता. वाडगा गालाला लावून बघ, गार लागला तर आत पाणी आहे. आणि तराजूवर ठेव. रोज वजन लिहून काढ.

स्थिर
ग्लू वगैरे तात्पुरते उपाय आहेत. योग्य पद्धत एकच, व्हॅक्यूममध्ये राळ भरणे. टाकीत लाकूड बुडवायचं, हवा ओढून घ्यायची, राळ आतपर्यंत जाते, मग ओव्हनमध्ये साधारण ९० ते १०० अंशांवर पक्की होते. लाकूड दगडासारखं होतं. मी सुरीच्या मुठी आणि पेन याच पद्धतीने करतो.

पटाशी
पेन आणि मुठी! २५ सेंटिमीटरचा वाडगा मावेल एवढी टाकी कुठून आणायची? शिवाय त्या राळेला लाकूड जवळपास शून्य ओलाव्याचं लागतं. अर्धा कातलेला ओला वाडगा त्यासाठी ओव्हनमध्ये घातला तर चिरा पडतील. विचारणाऱ्याकडे काय आहे ते बघून उत्तर द्यावं.

स्थिर
पद्धत चुकीची नाही, एवढंच म्हणणं आहे. पुढच्या तुकड्यासाठी लक्षात ठेवा.

ओंडका
गार लागतोय गालाला. वजन १६४० ग्रॅम. पण पटाशी, रात्री एका जागी ग्लू टाकून पाहिला, तो आत जातच नाही. वर थेंब होऊन राहिला, सकाळी नखाने निघाला.

भुसा
ओलाव्याने तो उलट लवकर पकडतो. काहीतरी आडवं येतंय. यावर आधी काही लावलं होतंत का?

ओंडका
हो, जवसाचं तेल. कच्चं. परवा दोनदा पाजलं, पांढरा भाग खूप प्यायला. तेलाने तंतू नरम होऊन नीट कापले जातात असं वाचलं होतं. सांगायचं राहिलं, महत्त्वाचं वाटलं नाही.

पटाशी
अहो, हेच आधी सांगायला हवं होतं! तेल प्यायलेल्या जागेत ग्लू शिरणार नाही. कच्चं जवसाचं तेल सुकायला आठवडे घेतं, आणि मऊ जागेत ते किती खोल गेलंय कोण जाणे.

वळण
तेलाचा फडका कुठे आहे?

ओंडका
कोपऱ्यात, भुशाच्या पोत्यावर. का?

वळण
आत्ता उठा आणि तो उचला. जवसाचं तेल हवेशी संयोग पावत सुकतं आणि त्यात उष्णता निघते. चोळामोळा केलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडका आपोआप पेट घेऊ शकतो. खाली भुसा आहे म्हणता! बाहेर मोकळ्यावर सपाट पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आधी हे करा आणि इथे लिहा.

ओंडका
बाहेर नेला. मधोमध हाताला कोमट लागला. खरंच माहीत नव्हतं. आभारी आहे.

वळण
बरं झालं. आता दुसरं. वाडगा चकमध्ये (लेथच्या जबड्यात) कशावर पकडलाय? खालचा टेनन, म्हणजे चकला धरायला बुडाशी ठेवलेला गोल खुंट, त्याच मऊ लाकडाचा असेल तर तो तुटून वाडगा थेट तोंडावर येतो. टेनन नखाने दाबून बघा.

ओंडका
टेननच्या एका बाजूला नख रुततंय.

वळण
मग लेथ चालू करू नका. टेनन कापून टाका, बूड सपाट करा आणि लाकूड वाळलं की चांगल्या लाकडाचा ठोकळा चिकटवून त्यावर पकडा. तोंडावर पूर्ण ढाल हवी, नुसता चष्मा नको. आणि मास्क. कुठल्याही लाकडाची धूळ फुप्फुसांना वाईटच, इथे तर बुरशीचे बीजाणूही असतील. कुणाला दमा असेल तर त्याने या कामाच्या आसपासही थांबू नये.

शंकासूर
मुळात कुजलेलं लाकूड घरात का आणायचं? बाकीच्या फर्निचरला लागण होणार नाही का?

कोषागार
नाही. वाळलेल्या लाकडात बुरशी वाढत नाही. ते पुन्हा ओलं राहिलं तर प्रश्न. खरी भीती भुंगेऱ्यांची. बारीक भोकं आणि त्यातून पडणारं पिठासारखं चूर्ण दिसलं तर तुकडा वेगळा ठेवावा. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठिकऱ्या पडत असतील तर ती तपकिरी कुज. त्यातलं काही वाचत नाही.

ओंडका
भोकं नाहीत. सालीखाली एके ठिकाणी हिरवं होतं, बोटाने पुसलं गेलं.

रानवाट
पुसलं गेलं तर तो वरचा बुरा. पण अस्सल हिरवं लाकूड असतं ना, ते बघाच कधी! क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी, निळसर हिरव्या इवल्याशा वाट्या येतात तिला. तिचं झायलिंडीन हे रंगद्रव्य लाकडात आतपर्यंत मुरतं. इटलीतल्या गुब्बिओच्या राजवाड्यात उर्बिनोचा ड्यूक फेडेरिको दा मॉन्टेफेल्ट्रो याच्यासाठी १४७८ ते १४८२ च्या सुमारास लाकडी जडावाची एक अभ्यासिका केली होती. आता ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यातले हिरवे तुकडे या बुरशीने रंगलेल्या लाकडाचे आहेत. पाचशे वर्षांनंतरही हिरवे! इंग्लंडात टनब्रिजच्या जडावकामातही हेच लाकूड वापरत, ग्रीन ओक म्हणत त्याला.

शंकासूर
म्हणजे रंग न लावता हिरवं? मला वाटायचं ते रंगवलेलं असतं.

साधा सुतार
हिरव्याचं नंतर. ओंडका, २५ ला २५, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा जाडी आहे. ओला वाडगा वाळवायला हीच जाडी ठेवतात, नकळत बरोबर थांबलास. हा वाडगा अजून वाचतो. टेनन काप, त्याच्याच भुशात कागदी पिशवीत घालून सावलीत ठेव, पिशवीचं तोंड सैल. तेलामुळे वाळणं मंदावेल. वजन आठवडाभर हललं नाही की ठोकळा चिकटव, गाऊजला (कातायच्या पन्हाळी हत्याराला) ताजी धार दे आणि आत-बाहेरून ४-५ मिलिमीटर हलके हलके काढ. बरंचसं तेलकट लाकूड तिथेच निघून जाईल. मग ताज्या लाकडावर पटाशींचा ग्लू, फक्त मऊ डागात. रविवार मात्र विसर.

भुसा
आणि आधी शेलॅक.

ओंडका
रविवार विसरणं जड जातंय. हे झाड आमच्या दारातलं, ताई आणि मी त्याच्यावरच वाढलो. पडलं तेव्हा ती इथे नव्हती. पण टेनन कापलाय, पिशवीत ठेवलाय.

ओंडका
रविवारी ताई आली. लपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही, पिशवीतून काढून तसाच हातात दिला. तिने रेषांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही वरच्या फांदीची बाजू का? मला सांगता आलं नाही. पुन्हा पिशवीत ठेवलाय. वजन १५८०.

ओंडका
तीन आठवडे झाले. १४१२, आणि चार दिवस तेच आहे. काठ किंचित लंबगोल झालाय, चीर नाही. ठोकळा चिकटवू का?

साधा सुतार
अजून तीन दिवस थांब.